घेताना एक माप, देताना दुसरं

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात ‘ब्लॅक गोल्ड’ हा माहितीपट दाखवला. मार्क आणि निक फ्रान्सिस या ब्रिटिश भावांनी तो २००६ साली केला. सिनेमा संपून दिवे लागले तशा पुढच्या ओळीतल्या एक काकू म्हणाल्या, “मी उद्यापासून कॉफीचा नियम घेते.” आणखी तिघी-चौघींनी मान डोलावली. मला त्यांचं कौतुक वाटलं, पण मनात आलं, एवढं बघून आपण भलत्याच दाराशी येऊन उभ्या राहिलो की काय?

सिनेमा इथिओपियातला, म्हणजे कॉफीच्या माहेरचा. तादेसे मेस्केला हे तेव्हा ओरोमिया भागातल्या कॉफी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे व्यवस्थापक होते. दलाल टाळून माल थेट विकावा म्हणून ते देशोदेशी हिंडतात, लंडनच्या दुकानात फळीवर आपल्या लोकांची कॉफी शोधतात. गावी शेतकऱ्यांपुढे हिशेब मांडतात : एका किलोत सुमारे ८० कप होतात, आणि तुम्हाला अख्ख्या किलोला मिळतं ते तिकडच्या एका कपाच्या किमतीहूनही कितीतरी कमी. रांगेनं बसलेल्या बाया कॉफीच्या बिया निवडतात, आपण तांदूळ निवडतो तशा. त्यांची दिवसाची मजुरी अर्ध्या डॉलरच्या आसपास. मग येतं कुपोषित मुलांचं केंद्र. तिथे मुलांना काट्यावर तोलतात, आणि एक मूल पुरेसं खंगलेलं नाही म्हणून त्याच्या आईला परत पाठवतात. तो प्रसंग बघताना सभागृहात कुणी हललं नाही.

इथवर सिनेमा सच्चा आहे. रडारड नाही, उपदेश नाही. पण भाव पडला कशानं, हे मात्र तो ठसवत नाही. कॉफी पिकवणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या देशांचा एक करार होता. कोणी किती माल बाहेर पाठवायचा हे त्यात ठरे, म्हणून भाव सावरलेला राही. १९८९ मध्ये ती व्यवस्था मोडली. पुढे भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरत गेले आणि शेतकऱ्याच्या हातात काही उरलं नाही. काहींनी कॉफी उपटून ‘चाट’ ही नशेच्या पानांची झुडपं लावली.

२००३ ची कानकुनची व्यापार परिषदही सिनेमात आहे, पण घाईघाईत. तिथलं भांडण शेतमालाच्या अनुदानांचं होतं. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना भरमसाट अनुदान देतात आणि गरिबांना सांगतात, तुमची दारं उघडा. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांनी कापसावरची अनुदानं थांबवा म्हणून मागणी केली. भारत, ब्राझील, चीन असे देशही गट करून उभे राहिले. परिषद काही न ठरता मोडली. कॉफीशी याचा धागा काय, हे दिग्दर्शक नीट जोडत नाहीत. मग बघणारीला वाटतं, दोष आपल्या कपाचाच.

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान सांगितलं आहे. घेताना जड माप, देताना हलकं. चोरी केवळ हात घालण्यात नसते, तागडीतही असते, हे आपल्या पूर्वजांनी दुकानात बसूनच ओळखलं होतं. जगाच्या व्यापाराचं दुखणं नेमकं हेच. आणि खोटं वजन एका गिऱ्हाईकानं दुकान सोडल्यानं बदलत नाही. चार माणसांनी मिळून ते काट्यावरून उतरवावं लागतं.

म्हणून काकूंना म्हटलं, “कॉफी सोडू नका ओ. तुम्ही सोडलीत तर त्या निवडणाऱ्या बाईची मजुरी वाढणार नाही, उलट तिचं काम जाईल.” त्या म्हणाल्या, “मग करू काय?” मी म्हटलं, “नियम घ्यायचाच तर विचारण्याचा घ्या. आपलं सरकार व्यापाराच्या वाटाघाटीत काय कबूल करतंय, ते मत मागायला येणाऱ्याला विचारा. आणि आपल्या घरच्या दुकानात, शेतात निवडायला बसणाऱ्या बाईला आपण कुठल्या मापानं देतो, तेही विचारा.”

काकू गप्प झाल्या. खरं सांगायचं तर मीही.