न पडलेल्यांची मोजणी

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातील रस्ते अपघातांचा एक जाडजूड अहवाल काढते. त्यानुसार २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट नसलेली ५०,०२९. असे आकडे रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या भाषणात येतात, मुले 'बाप रे' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

विज्ञानाच्या शिक्षकाने मात्र इथे थांबावे. मेलेल्यांपैकी तिघांतले दोघे हेल्मेटविना होते, हे कळले. पण त्याच वर्षी, त्याच रस्त्यांवरून सुखरूप घरी पोचलेल्यांपैकी हेल्मेटविना किती होते? समजा, तेही तिघांत दोघेच असले, तर या आकड्यातून हेल्मेटचा काहीच उपयोग दिसत नाही. तिघांत एकच असला, तर मात्र उपयोग मोठा ठरतो. अहवाल आपल्याला अंश देतो, छेद देत नाही. हेल्मेटने जीव वाचतो, याबद्दल वाद नाही. २००८ साली ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. अपघात झालाच, तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. पण ते आपल्याला ५०,०२९ या आकड्याने सांगितलेले नाही.

छेद मिळवायचा कसा, हे पाहायला एक जुना अहवाल हाती घ्यावा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. पोलिसांची ३,६०० अपघातांची कागदपत्रे पाहिली ती वेगळीच. १९८१ साली हे काम प्रसिद्ध झाले. त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग पुढचा आहे. अपघात झालेल्या पाचशेवर ठिकाणी ही मंडळी पुन्हा गेली, त्याच वारी, त्याच वेळी. तिथून जाणाऱ्या, न पडलेल्या मोटरसायकलस्वारांची त्यांनी नोंद केली. असे २,३१० स्वार झाले. तुलनेला माणसे मिळाली!

या तुलनेमुळेच दिवसा पुढचा दिवा लावणाऱ्यांना अपघात कमी होतात, हे ठामपणे म्हणता आले. नुसत्या पडलेल्यांकडे पाहून ते कळले नसते. दिव्याचा संबंध कशाशी, हेही अहवालातच सापडते. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत त्या दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा पुढे जाण्याचा हक्क डावलला होता, आणि बहुतेक चालकांना ती दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. 'अहो, दिवा चालू आहे' असे हातवारे करून सांगणाऱ्यांना हे समजावण्याचे काम अजून शिल्लक आहे.

वेगाबद्दलही असेच. आपल्याकडे २०२२ साली सर्व वाहनांचे मिळून ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या एकाच रकान्यात गेले. एवढा मोठा रकाना म्हणजे निदान नव्हे; तपास लवकर आटोपल्याची ती खूण वाटते. हर्ट यांच्या अपघातांत संकट समोर येण्याआधीचा मध्यक वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटर होता, म्हणजे निम्मे स्वार याहून हळू होते. संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळे, आणि त्यात कित्येकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवले, पुढचा पुरेसा दाबलाच नाही. ब्रेक लावताना भार पुढच्या चाकावर येतो आणि पकडही तिथेच वाढते, हे नववीच्या मुलाला समजते. पण अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते. आपल्याकडे 'पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा होशील' असे सांगणारा काका घरोघरी असतो.

या अहवालाच्या मर्यादाही उघड आहेत. तिथला रस्ता मोटारींचा. आपला रस्ता बैल, बस, रिक्षा आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाकींचा. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, चाकात जाणारा पदर, स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल, हे त्यात कुठून येणार? तेव्हा निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे, आणि तिला खर्चही नाही. शाळेजवळचा चौक, पदपथावरची सुरक्षित जागा, घड्याळ आणि वही. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या अर्ध्या तासात किती दुचाकी गेल्या, चालकाला हेल्मेट होते का, मागे बसणाऱ्याला होते का, मुलाला होते का, एवढे मांडता येईल. हनुवटीखालचा पट्टा बांधलेला होता की नुसताच लोंबत होता, याचा रकाना वेगळा ठेवावा.