धवळे पडद्यावर

रिद्धपूरच्या विद्यार्थ्यांनी वर्गाचा प्रकल्प म्हणून महदंबेच्या धवळ्यांचा म्युझिक व्हिडिओ केला; परवा तो मी त्यांच्यातच बसून पाहिला. तेराव्या शतकात गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली, तेव्हा याच गावी महदंबेने रुक्मिणीस्वयंवराचे हे धवळे गाइले. मूळचे ते लग्नघरचे गाणे. आपण त्याचे परीक्षेतले प्रश्नोत्तर करून टाकले. मुलांनी त्याला पुन्हा गळा दिला, हे मोठेच काम.

चित्रण मात्र फसले. ओळीत रथ आला की पडद्यावर रथ! (बैलगाडीलाच रंगीत कागद चिकटवलेले.) शब्दांनी सांगितलेले चित्राने पुन्हा कशाला सांगावे?

एके ठिकाणी कॅमेरा गाणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांवर थांबतो. एक आजी चाल चुकते, शेजारीण कोपराने सावरते. तेवढा तुकडा मी पुन्हा लावायला सांगितला.

“तो तर काढूनच टाकणार होतो, काका,” संकलन करणारी मुलगी म्हणाली.