कुलवृत्तांतांतील पालितपुत्र

कुलवृत्तांत छापण्याचा परिपाठ स्तुत्य खरा. परंतु त्यांतील एक दोष आम्हांस दाखविणें अवश्य वाटतें. दत्तविधान न होतां परक्या घरीं वाढलेला आजोबा वंशवृक्षांत औरस म्हणून दाखविला जातो आणि त्याचें जनककुल लुप्त होतें. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचें दत्तविधान १८७५ त जाहीरपणें झालें, म्हणून कवळाण्याचें त्यांचें जनककुल सर्वांस ठाऊक आहे. सामान्य घरच्या पोरास असा पुरावा कोठला? मनुस्मृतीप्रमाणें (९.१४२) दत्तकाचा जनकाच्या गोत्राशीं व धनाशीं संबंध सुटतो. पण जेथें विधिपूर्वक दानच नाहीं, तेथें गोत्र सुटलें कसें? अशा पुरुषास पालककुलाचें गोत्र लावणें ही वंशवृक्षकाराची कल्पना होय, प्रमाण नव्हे. आणि नातवंडांच्या विवाहांतील सापिंड्यविचारही तिनेंच बिघडतो. शोधकानें नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. पालककुलाच्या नोंदींत एकाएकीं उगवणारें नांव मामा-आत्यांच्या कुळांच्या नोंदींतही ताडून पाहावें. तेंही निष्फळ झाल्यास ‘पालित, जनककुल अज्ञात’ एवढें तरी छापावें. कोरी जागा पुढील शोधक भरूं शकेल. चुकीची रेघ मात्र तो खरी मानून चालेल.