रानफूल, विकतचे फूल आणि वेदी

रेव्हरंड ना. वा. टिळकांना मराठी वाचक 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. त्यांच्या एका दीर्घ कवितेचे नावच 'वनवासी फूल' आहे. या परंपरेत वाढलेल्या रसिकाला रानफूल तेवढे पवित्र आणि विकतचे फूल बाजारू वाटावे, हे स्वाभाविक आहे. तथापि हा निवाडा तपासून पाहिला पाहिजे.

थेरगावहून फार दूर नसलेल्या तळेगाव दाभाडे परिसरात गुलाबाची हरितगृहे आहेत. तेथील गुलाब कळीतच कापला जातो आणि थंडाव्यात ठेवून बाजारात पाठविला जातो. एकसारखे दांडे आणि हव्या त्या दिवशी फुलांची हमी, हे त्याचे आकर्षण. त्यासाठी पाणी, वीज, औषधफवारणी व मजुरांचे श्रम खर्ची पडतात. शिवाय ऋतूची ओळख पुसली जाते. मावळातील सोनकी व तेरडा मात्र पावसाळ्यातच भेटतात.

मग वेदीसाठी रानफुले खुडावीत काय? मुळीच नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू रानफुलांकडे पाहावयास सांगतो, ती तोडावयास नव्हे. तेरडा एका वर्षाचा जीव. फुलातच खुडला तर पुढच्या पावसाळ्याचे बी कोठून येणार?

वेदीला विकतचीच फुले वाहावीत, पण मोजकी. मिस्साग्रंथाच्या सूचनाही सजावटीत संयम मागतात. उपवासकाळात तर लेतारे रविवार व मोठे सण वगळता वेदीवर फुले वर्ज्यच आहेत. रानफुलांसाठी भाद्रपदातील एखाद्या रविवारी, मिस्सेनंतर, मुलांना घेऊन डोंगरावर जावे आणि रिकाम्या हातांनी परतावे.