सुदूर संवेदन आणि कांदळवनातील कार्बन : रत्नागिरीच्या खाड्यांच्या संदर्भात एक परीक्षण

कांदळवनांत साठलेला कार्बन उपग्रहाच्या साह्याने मोजण्याची पद्धती आता रूढ झाली आहे. तिची उपयुक्तता निर्विवाद होय. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, श्वसनमुळांच्या दाटीतून वनाचे मोजमाप करणे किती दुष्कर आहे, हे भाट्ये किंवा काळबादेवीच्या खाडीत एकदा उतरलेल्यास सांगावे लागत नाही. तथापि ही पद्धती प्रत्यक्ष काय मोजते, याची चिकित्सा जितकी व्हावी तितकी होत नाही.

प्रथम क्षेत्रफळ. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर दिले असून त्यात ‘अतिघन’ वर्गाचे क्षेत्र शून्य आहे. यासाठी घेतलेल्या प्रतिमांतील एक चौकोन सुमारे २३.५ मीटर बाजूचा असतो, आणि एक हेक्टरहून लहान तुकडा जमेस धरला जात नाही. ठाण्याच्या विस्तीर्ण दलदलीस हे माप चालेल. रत्नागिरीत मात्र जांभ्याचे चढ कित्येक ठिकाणी थेट खाडीस भिडतात, आणि कांदळ, चिपी, तिवर यांना काठाची अरुंद पट्टीच काय ती मिळते. अशी पट्टी एकाच चौकोनात पाणी, चिखल व माडाच्या बागा यांच्यात मिसळून जाते.

रडारने ढगांचा अडथळा दूर होतो, हे खरे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘निसार’ उपग्रहाकडून यास्तव मोठी अपेक्षा आहे. परंतु भरतीचे पाणी बुंध्याशी असता परावर्तन एक प्रकारचे, ओहोटीस दुसऱ्या प्रकारचे. शिवाय कांदळाच्या आधारमुळांचे जाळे दाट झाले की जैवभार वाढूनही परतणारा संकेत क्षीण होतो. भरतीची वेळ न नोंदता काढलेला आकडा म्हणूनच संशयास्पद मानला पाहिजे.

खरा आक्षेप याहून खोल आहे. डोनॅटो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिंद व प्रशांत महासागरांच्या प्रदेशातील कांदळवनांविषयी दाखविले की, एकूण कार्बनपैकी ४९ ते ९८ टक्के जमिनीत असतो. ही जमीन उपग्रहास दिसत नाही. एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोलीपर्यंत १०,००० घनमीटर चिखल असतो. त्याची शुष्क घनता घनमीटरास एक टन मानल्यास कार्बनच्या प्रमाणात एका टक्क्याची चूक म्हणजे हेक्टरी १०० टनांची चूक! वृक्षांची उंची लेसर किरणांनी कितीही काटेकोर मोजली, तरी या चुकीची भरपाई होत नाही. नळी रोवून चिखलाचे नमुने काढणे, ते वाळविणे, तोलणे, यास पर्याय नाही. आणि नेमके हेच काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते.

कोकणात यास आणखी एक कारण आहे. खारबंदिस्ती फुटून पडीक झालेल्या भातखाचरांत तिवर आपोआप उगवते. नकाशात ते जुन्या वनासारखेच हिरवे दिसते, पण त्याखाली कालपरवापर्यंत नांगरलेली माती असते. दोहोंस एकच गुणांक लावणे शास्त्रीय नव्हे. रस्ता किंवा धक्का यांसाठी जुने वन तोडून अन्यत्र रोपे लावली जातात, तेव्हा या घोटाळ्याची खरी किंमत कळते : काही वर्षांत नकाशातील हिरवा रंग भरून येतो, हिशेब जुळल्यासारखा दिसतो, आणि उकरलेल्या चिखलातून निघून गेलेला, शतकानुशतके साचलेला कार्बन कोणत्याच रकान्यात नोंदला जात नाही.