फिरिश्त्याचे कथन आणि बहमनी टंकाची साक्ष : एक चिकित्सा

प्रास्ताविक
धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याच्या मध्ययुगीन इतिहासाची मांडणी प्रायः फार्सी तवारिखांच्या आधारे केली जाते. परंडा व नळदुर्ग येथील लष्करी ठाण्यांचा विचार करतानाही तवारीख प्रमाण आणि नाणे केवळ पुरवणी, असा क्रम गृहीत धरला जातो. हा क्रम तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन
पहिल्या मुहम्मदशहा बहमनीने (1358–1375) सोन्या-चांदीची नाणी पाडली. विजयनगर व तेलंगण येथील राजांच्या चिथावणीने हिंदू सराफांनी ती वितळविली आणि सुलतानाने त्यांना देहदंड दिला, असे फिरिश्ता सांगतो. या नाण्यांच्या एका बाजूस कलिमा व चार खलिफांची नावे होती, असेही तो नमूद करतो. अभ्यासक हा प्रसंग धार्मिक संघर्षाचा पुरावा म्हणून उद्धृत करतात. मात्र फिरिश्ता विजापूरच्या दरबारात, 17 व्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लिहीत होता.

प्रत्यक्ष टंक काय सांगतो? ऐरणीवरील ठशावर चांदीची चकती ठेवून वरच्या ठशावर घणाचा घाव घालून पाडलेले हे नाणे साधारण 11 ग्रॅम वजनाचे आहे. मुहम्मदशहाच्या नेहमीच्या ज्ञात टंकांवर कलिमा नाही. त्यांवर सुलतानाचे नाव, पितृनाम आणि प्रेषिताच्या धर्माचा रक्षक या अर्थाचे बिरुद आहे. चकती ठशाहून लहान असल्यास कडेचा मजकूर, म्हणजे बहुधा टांकसाळीचे नाव व हिजरी वर्ष, कापला जातो. म्हणून एका नाण्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. परंतु अनेक टंक एकत्र वाचल्यास मध्यवर्ती मजकुराविषयी संशय उरत नाही. फिरिश्त्याचे वर्णन येथे टिकत नाही.

वर्णन संशयास्पद ठरले की कारणमीमांसाही तपासावी लागते. शुद्ध व पूर्ण वजनाचे नाणे वितळविण्यात सराफाला धातूचा नफा असू शकतो. शिवाय होन व प्रताप ही चलने बाजारात रुळलेली होती. त्यामुळे वितळविण्याची घटना खरी मानली, तरी तिचे मूळ श्रद्धेपेक्षा बट्ट्याच्या व्यवहारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

निष्कर्ष
नाणे तवारिखेची पुरवणी नसून तिचा परीक्षक आहे. परंतु त्यासाठी ते कोठे व कशासह सापडले, याची नोंद हवी. तेरच्या सातवाहनकालीन अवशेषांना रामलिंगप्पा लामतुरे यांच्यासारखा जपणारा लाभला. मध्ययुगीन चांदी मात्र आजही सोनाराच्या मुशीत जाऊ शकते. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 अन्वये दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या विद्यार्थ्यांमार्फत ही जाणीव पोहोचविली नाही, तर फिरिश्त्याला तपासणारा साक्षीदारच उरणार नाही.