पर्यावरण-निरीक्षणात आरएफआयडी आणि बिनतारी संवेदक जाळे यांचा संयोग : एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरणाच्या अभ्यासात दोन प्रश्न वारंवार उपस्थित होतात. परिसराची स्थिती कशी आहे, हा पहिला. आणि त्या स्थितीत नेमका कोणता जीव वावरत आहे, हा दुसरा. बिनतारी संवेदक जाळे तापमान, आर्द्रता, प्रकाश यांची मोजमापे घेऊन पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. रेडिओ फ्रिक्वेन्सी आयडेंटिफिकेशन, म्हणजेच आरएफआयडी, हे तंत्र टॅगवरील क्रमांक वाचून दुसऱ्याचे उत्तर देते. या दोहोंच्या संयोगाची कल्पना २००० नंतरच्या दशकात संशोधन-साहित्यात हिरिरीने मांडली गेली. टॅगला संवेदक जोडणे, टॅगला नोडप्रमाणे परस्परसंपर्काची क्षमता देणे, रीडर व नोड एकाच उपकरणात आणणे आणि दोन्ही यंत्रणा स्वतंत्र ठेवून त्यांची माहिती एकत्र करणे, असे चार प्रकार तेथे सर्वसाधारणपणे सांगितले जातात. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. परंतु त्याचा आधार उपकरणांची मांडणी हा आहे, अभ्यासविषयाचा प्रश्न हा नव्हे. प्रस्तुत लेखात दोन बेटांवरील प्रयोगांच्या आधारे या उणिवेचा विचार केला आहे.

ग्रेट डक बेट : ओळखीविना मोजमाप

अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर २००२ च्या उन्हाळ्यात लीचेस स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्याच्या अभ्यासासाठी ३२ नोडचे जाळे उभारण्यात आले. हा पक्षी जमिनीतील बिळात घरटे करतो आणि माणसाच्या वावराने विचलित होतो. त्यामुळे बिळात हात न घालता माहिती मिळणे, हेच मोठे यश होते. सुमारे चार महिन्यांत दहा लाखांहून अधिक नोंदी जमा झाल्या. बिळातील उष्णतेवरून पक्षी आत आहे की नाही, याचा अंदाज बांधता येत होता. मात्र अंडे उबविणारा पक्षी जोडीतील नर की मादी, हे कळण्याचा मार्ग त्या नोंदींत नव्हता. या प्रयोगाने आणखी एक धडा दिला. आर्द्रतेची विसंगत मोजमापे पुष्कळदा बेटावरील हवेविषयी काही सांगत नव्हती. तो नोड लवकरच बंद पडणार, याची ती पूर्वसूचना होती. म्हणजे प्रत्येक नोंद वाचताना उपकरणाचे आरोग्यही वाचावे लागते.

स्कोमर बेट : ओळखीसह मोजमाप

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्कोमर बेटावर मँक्स शिअरवॉटर या पक्ष्याच्या अभ्यासात बर्लिनचे मुक्त विद्यापीठ, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टची केंब्रिज येथील संशोधनशाळा यांनी २००८ च्या सुमारास संवेदक नोडना आरएफआयडीची जोड दिली. हा पक्षीही बिळात राहतो, रात्रीच जमिनीवर येतो, आणि त्याचे नर-मादी दिसण्यात सारखेच असतात. दोघे आळीपाळीने अंडे उबवितात. कोणाची पाळी किती दिवस चालली, हा प्रश्न वैयक्तिक ओळखीशिवाय सुटणारा नाही. येथे संयोग हौसेपोटी आला नव्हता, गरजेपोटी आला होता.

चिकित्सा

स्कोमरच्या परिस्थितीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्राण्यांसाठी वापरले जाणारे कमी वारंवारितेचे, बॅटरीविरहित टॅग अगदी थोड्या अंतरावरूनच वाचता येतात. बिळाचे तोंड अरुंद असल्याने पक्ष्याला रीडरजवळूनच जावे लागते आणि ही मर्यादा बाधत नाही. मोकळ्या माळावर किंवा नदीपात्रात हीच मर्यादा निर्णायक ठरते. टोलनाक्यावरील फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, हा अनुभव अशा ठिकाणी लागू करता येत नाही; त्याची वारंवारिता वेगळी आहे आणि तो काचेवर असतो, ओल्या पिसांत किंवा प्राण्याच्या शरीरात नव्हे.

दुसरा मुद्दा ऊर्जेचा. टॅगला बॅटरी लागत नाही, याचा गौरव वारंवार होतो. पण टॅगला लागणारी ऊर्जा रीडरलाच पुरवावी लागते. बहुतांश वेळ निद्रिस्त राहून काटकसर करणाऱ्या नोडला सतत जागा असणारा रीडर जोडला, तर जाळ्याचा मूळ गुणच नष्ट होतो. हालचाल टिपणाऱ्या संवेदकाने गरजेपुरता रीडर जागा करणे, हा त्यावरील सयुक्तिक उपाय होय.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. टॅगची नोंद नसणे म्हणजे पक्षी नसणे नव्हे. टॅग वाचण्यात चूक झाली असेल, टॅग नसलेला पक्षी आला असेल, किंवा दोन टॅग एकाच वेळी समोर आल्याने एकही वाचला गेला नसेल. हालचालीची नोंद आहे पण क्रमांक नाही, अशी विसंगती दिसली तरच हा दोष उघड होतो. परस्परांची साक्ष तपासण्याची ही सोय संयोगाचा खरा लाभ आहे. परंतु चार प्रकारांच्या वर्गीकरणात तिला स्थान नाही. अर्थात, त्यासाठी दोन्ही नोंदींची घड्याळे जुळलेली हवीत. अन्यथा योग्य पक्ष्याच्या नावे अयोग्य वेळेचे तापमान नोंदविले जाईल.

निष्कर्ष

नदीच्या पाण्याचे तापमान किंवा शहरातील हवेतील धूलिकण मोजताना ‘कोण?’ हा प्रश्नच नसेल, तर आरएफआयडी ही निव्वळ भर ठरते. जेथे ओळख हाच प्रश्नाचा गाभा आहे आणि जीवाला रीडरजवळून जावेच लागते, तेथे हा संयोग सार्थ ठरतो. महाविद्यालयीन प्रकल्पांतही उपकरणांच्या यादीपूर्वी प्रश्न लिहिला जावा. अन्यथा नोंदी लाखांनी जमतील आणि त्या कोणाविषयी आहेत, हे मात्र सांगता येणार नाही.